चिऱ्यांचा खेळ : जागा कोणाची, घर कोणाचे?

(दुबई मरीना येथून)



आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे हल्ली संगणकावर एक खेळ खेळतात. त्यात दगड चौकोनी, माती चौकोनी, झाडे चौकोनी, इतकेच काय पण गाय आणि मेंढीही चौकोनी. मूल तासन्‌तास त्यात रमते. "काय करतोस रे?" असे विचारले तर उत्तर येते, "घर बांधतोय." अश्दोद असो, दिमोना असो, ठाणे असो वा दुबई असो, उत्तर हेच.

या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. नाव आता बहुतेकांच्या कानावरून गेले आहे. परंतु मूल जो खेळ उघडून बसले आहे तो मूळ खेळच असतो असे नाही. पुष्कळदा ती चाहत्यांनी तयार केलेली नक्कल असते. ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्या खिडकीतून आपण बातम्या वाचतो त्याच खिडकीत, ती फुकट उघडते. पैसे नाहीत, काही बसवणे नाही, नाव-गाव विचारणे नाही. मुलांना ती आवडते यात नवल ते काय?

या पाठात आपण तीन गोष्टी समजून घेऊ. ही नक्कल ब्राउझरमध्ये चालते कशी? ती कोणाच्या मालकीची? आणि आपल्या मुलाने त्यात बांधलेले घर टिकते किती दिवस? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण घरातल्या घरात रडारड होते ती त्याच्यावरूनच.

१. खेळाची ओळख

स्वीडनचे मार्कुस पेर्सन यांनी हा खेळ १७ मे २००९ रोजी प्रथम लोकांपुढे ठेवला. पूर्ण स्वरूपात तो १८ नोव्हेंबर २०११ रोजी बाहेर पडला. त्यांच्या कंपनीचे नाव मोयांग. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. आजवर कोणत्याही संगणकीय खेळाचा एवढा खप झालेला नाही.

खेळाचे मर्म सोपे आहे. सारे जग ठोकळ्यांचे असते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. ठोकळा फोडावा, उचलावा, दुसरीकडे नेऊन बसवावा. आपल्यापैकी ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांना हे नवीन वाटू नये. जांभ्या दगडाची खाण, तीतून काढलेले चिरे, चिऱ्यावर चिरा ठेवून उभी राहिलेली भिंत आपण पाहिलेली आहे. म्हणून या पाठात मी या ठोकळ्यांना चिरेच म्हणणार आहे.

ठोकळ्यांची कल्पना पेर्सन यांचीही पहिली नव्हे. २००९ सालीच झॅकरी बार्थ या अमेरिकन गृहस्थांचा इन्फिनिमायनर नावाचा खेळ आला होता. चिरे खणावेत व रचावेत ही कल्पना त्यात होती, आणि आपण तिच्यावरून स्फूर्ती घेतली हे पेर्सन यांनी उघडपणे सांगितले आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे मालकीच्या प्रश्नात तो कामी येईल.

२. ब्राउझरमध्ये खेळ येतो कसा?

मूळ खेळ जावा नावाच्या संगणकीय भाषेत लिहिलेला आहे. मौज अशी की अगदी सुरुवातीला तो ब्राउझरमध्येच चालत असे. त्या काळी ब्राउझरला जावाची एक जोडणी लावता येत असे. पण या जोडण्यांतून चोरवाटा निघू लागल्या, तेव्हा ब्राउझर बनविणाऱ्यांनी त्या बंद केल्या; क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये. त्यामुळे जावा ब्राउझरबाहेर पडली. ब्राउझरला स्वतःला कळणारी भाषा वेगळीच आहे, तिचे नाव जावास्क्रिप्ट. नावे सारखी असली तरी या दोन भाषांचे नाते जवळचे नाही.

मग चाहत्यांनी काय केले? मूळ खेळाचा जावातील मजकूर घेतला आणि यंत्राच्या साहाय्याने तो जावास्क्रिप्टमध्ये उतरविला. जुन्या घरात मोडी लिपीतले कागद असतात. ते आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून आपण जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घेतो. शब्द तेच, अर्थ तोच, लिपी तेवढी बदलते. येथेही तसेच झाले. चित्रे रंगविण्याचे काम ब्राउझरमधील वेबजीएल ही सोय करते. तिचे पहिले रूप २०११ साली ठरले. पूर्वी ज्या कामाला वेगळा कार्यक्रम बसवावा लागे, ते काम आता एका पानात होते.

या नकलांपैकी सर्वांत प्रसिद्ध नकलेचे नाव ईगलरक्राफ्ट. ती मूळ खेळाच्या १.५.२ आणि १.८.८ या आवृत्त्यांवरून उतरविलेली आहे. या आवृत्त्या अनुक्रमे २०१३ आणि २०१५ सालच्या. म्हणजे मुलाच्या पडद्यावर दिसतो तो खेळ दहा-बारा वर्षे जुना आहे. याचा एक परिणाम आमच्या मरीनातील मुलांच्या लवकर ध्यानात येतो. त्या जुन्या जगाची पूर्ण उंची २५६ चिरे, त्यावर बांधकाम करता येत नाही. आमच्या येथील प्रिन्सेस टॉवर ४१४ मीटर उंच आहे. कायान टॉवर, जो पायथ्यापासून माथ्यापर्यंत ९० अंशांनी पिळलेला आहे, तो ३०७ मीटर. एक चिरा एक मीटर धरला तर दोन्ही इमारती त्या जगात मावत नाहीत. २०२१ नंतरच्या मूळ खेळात खोली धरून उंची ३८४ चिरे झाली, तरी प्रिन्सेस टॉवर मावत नाहीच. प्रमाण बदलावे लागते, आणि गणित तेथे सुरू होते. हा या खेळाचा मोठा गुण आहे.

३. तीन प्रकारच्या जागा

दुबई मरीना हे वाळवंटात समुद्राचे पाणी आत घेऊन, सुमारे तीन किलोमीटरचा कालवा खोदून, त्याच्या दोन्ही काठांना वसविलेले उपनगर आहे. येथे काहींनी घर विकत घेतले आहे, पण बरीच कुटुंबे भाड्याने राहतात. भाड्याचा करार ‘इजारी’ या सरकारी नोंदवहीत नोंदवावा लागतो. हा शब्द ऐकून मराठी माणसाला ओळखीचे वाटते, कारण आपला ‘इजारा’ त्याच अरबी मुळातला. इजाऱ्याच्या घरात आपण पडदे लावतो, कुंड्या ठेवतो, भिंतीवर वडिलांची तसबीर टांगतो. तरी जागा दुसऱ्याची आहे हे विसरत नाही.

ब्राउझरमधील चिऱ्यांच्या खेळाकडेही असेच पाहावे. मुलाला विचारावे, "बाळ, ही जागा कोणाची?" उत्तर तीन प्रकारचे असू शकते.

पहिली जागा म्हणजे मालकाने स्वतः दिलेली. मे २०१९ मध्ये खेळाला दहा वर्षे झाली, तेव्हा मोयांग कंपनीने २००९ च्या जुन्या रूपाची एक आवृत्ती ब्राउझरमध्ये मोफत ठेवली. चिऱ्यांचे प्रकार ३२, जुन्या काळच्या चुकाही जशाच्या तशा. खेळ लहान, पण मालकाच्या संमतीचा. शाळांसाठीही कंपनीने २०१६ मध्ये एक शैक्षणिक आवृत्ती काढली. ती शाळेमार्फत मिळते.

दुसरी जागा म्हणजे दुसऱ्याने स्वकष्टाने उभारलेली. पेर्टू अहोला या फिनलंडच्या तरुणाने २०१० मध्ये मिनेटेस्ट नावाचा चिऱ्यांचा खेळ स्वतः लिहायला घेतला. २०२४ मध्ये त्याचे नाव लुआंटी असे बदलण्यात आले. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. क्लासिक्यूब नावाचा आणखी एक खेळ आहे. तो जुन्या माइनक्राफ्टसारखा दिसतो, परंतु त्याचा कोड चाहत्यांनी नव्याने लिहिलेला आहे आणि तो ब्राउझरमध्येही चालतो. शेजाऱ्याचे घर पाहून तसेच घर आपल्या हाताने, आपल्या चिऱ्यांनी बांधावे, तसा हा प्रकार.

तिसरी जागा म्हणजे दुसऱ्याच्या घराची जशीच्या तशी उचललेली प्रत. ईगलरक्राफ्ट या प्रकारात मोडते, कारण तिच्यात मूळ कंपनीचाच कोड लिपी बदलून घातलेला आहे. कंपनीचा नियम असा की खेळात आपण स्वतः रचलेली भर आपली. पण कंपनीने बनविलेले काहीही तिच्या परवानगीवाचून वाटू नये. त्यानुसार कंपनीच्या तक्रारीवरून या नकलेचा कोड गिटहब या सार्वजनिक कोठारातून काढण्यात आला. एका ठिकाणाहून काढला की तो दुसऱ्या ठिकाणी उगवतो. मुले म्हणतात, "कालचे पान उघडत नाही, आज नवे पान आहे." त्यामागचे कारण हेच.

४. कायदा काय म्हणतो?

काहींना वाटते की ब्राउझरमध्ये उघडते ते सारे खुले. तसे नाही. संयुक्त अरब अमिरातीचा लेखनहक्काचा कायदा २०२१ चा, क्रमांक ३८. इस्राएलचा २००७ चा. भारताचा १९५७ चा, पुढे वेळोवेळी सुधारलेला. तिन्ही देशांत संगणकीय कार्यक्रमाला लेखनहक्काचे संरक्षण आहे. तसेच नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी चालत नाही हे तत्त्वही मान्य आहे. मघाशी इन्फिनिमायनरची गोष्ट सांगितली ती यासाठी. चिरे रचण्याची कल्पना पेर्सन यांनी घेतली, अहोला यांनीही घेतली, त्यात दोष नाही. प्रत्यक्ष लिहिलेला कोड आणि रंगविलेली चित्रे उचलून वाटली तर तो भंग होतो. मोडीतला दस्त बाळबोधीत उतरविला म्हणून जमिनीचा मालक बदलत नाही.

मग मूल गुन्हेगार ठरते काय? दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हा शब्द मारू नये. जबाबदारीचा मोठा भार वाटणाऱ्यावर असतो. आणि मुलाची अडचणही समजून घ्यावी. शाळेच्या लॅपटॉपवर नवा कार्यक्रम बसविता येत नाही, ब्राउझर मात्र असतोच. मार्च २०२० मध्ये येथील शाळा बंद होऊन घरबसल्या शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून शाळकरी मुलाच्या हाती लॅपटॉप ही रोजची गोष्ट झाली. मित्र खेळतात, दुवा हातोहात फिरतो, मूलही खेळते. त्याला आपण एवढेच सांगावे की कोणीतरी कित्येक वर्षे खपून हे बांधले आहे, आणि ज्याला परवडते त्याने त्याचे मोल द्यावे. संगणकावरील मूळ खेळाची किंमत सुमारे ३० अमेरिकी डॉलर आहे, म्हणजे ११० दिरहमच्या आसपास, तीही एकदाच. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी दुसरी जागा आहे, ती फुकट आहे आणि निर्वेध आहे.

येथे अमिरातीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. शाळेने वा दूरसंचार कंपनीने एखादे पान अडविले की मोठी मुले व्हीपीएन वापरून आडवाटेने जातात. २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे गुन्हा करण्यासाठी वा तो लपविण्यासाठी अशी आडवाट वापरणे शिक्षेस पात्र आहे. खेळापायी ही सवय लावू देऊ नये.

५. रेवदंड्याचे घर

आता टिकाऊपणाचा प्रश्न. तो नीट कळावा म्हणून घरचेच उदाहरण देतो.

आमचे वडिलोपार्जित घर रेवदंड्यास होते. आम्ही देश सोडला तेव्हा ते विकले गेले. माझा नातू येथे मरीनात विसाव्या मजल्यावर वाढला, त्याने ते घर कधी पाहिले नाही. एकदा माझे थोरले बंधू लोदहून फोनवर बोलत असता त्यांनी त्याला ओटीचे वर्णन सांगितले. झाले! त्याने ते घर चिऱ्यांच्या खेळात बांधायला घेतले. दर शुक्रवारी दुपारी तो आजोबांना प्रश्न विचारी. (२०२२ पासून येथे शुक्रवारी शाळा अर्धा दिवस असते.) ओटी किती हात रुंद? पायऱ्या किती? विहीर परसात डावीकडे की उजवीकडे? घाणा कोठे होता? बैल कोणत्या दाराने आत येई?

बंधू तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते डोळे मिटून हातांनी मोजत आणि सांगत. आम्ही प्रमाण ठरविले, दोन हाताला एक चिरा, म्हणजे जवळजवळ खरेच माप. ओटी सहा हात, तर तीन चिरे. जांभ्यासाठी त्याने भाजलेल्या तांबूस मातीचे ठोकळे निवडले. कौलांसाठी विटांच्या पायऱ्या उलट्यासुलट्या लावून उतरते छप्पर केले. घाणा त्या खेळात नाही, तेव्हा लाकडाचे ओंडके उभे करून त्याने तो बनविला. माजघर अंधारे हवे असा आजोबांचा आग्रह, म्हणून तेथे खिडकी ठेवली नाही. आजोबांनी त्याचे चित्र पाहिले आणि म्हणाले, "तुळशीकडे नाही रे, ते शेजाऱ्यांचे अंगण. आपले दार पूर्वेला." मग सारे घर फिरवून पुन्हा बांधले.

हे सारे शाळेच्या लॅपटॉपवर, ईगलरक्राफ्टमध्ये चालले होते. वर्ष संपले. शाळेने लॅपटॉप परत घेतले आणि पुढच्या मुलांसाठी पुसून स्वच्छ केले. शाळेने आपले काम केले, तिला दोष नाही. पण घर गेले. मुलाने नव्या यंत्रावर तेच पान उघडले, तेच नाव लिहिले, आणि पडद्यावर जगांची यादी कोरी होती. त्याला वाटत होते की आपले घर ‘इंटरनेटवर’ आहे, कोठूनही उघडेल. ते इंटरनेटवर नव्हतेच.

दरम्यान माझे बंधू निवर्तले. मापे पुन्हा विचारायला आता कोणी नाही.

सुदैवाने एक गोष्ट शिल्लक होती. प्रश्नोत्तरे चालू असता मुलाच्या आईने एका वहीत मापे टिपून ठेवली होती. ओटी, पडवी, माजघर, विहिरीचा काठ, पायऱ्यांची संख्या. त्या वहीवरून घर पुन्हा उभे राहत आहे, या वेळी विकत घेतलेल्या मूळ खेळात आणि घरच्या संगणकावर. घाण्याच्या खोलीचे माप मात्र वहीत नाही. ती खोली मुलाने मोकळी ठेवली आहे.

६. ब्राउझरची कोठी

घर गेले कसे, हे आता पाहू.

ब्राउझर प्रत्येक पानासाठी त्याच यंत्रावर एक छोटी कोठी राखून ठेवतो. मूल एकटे खेळते तेव्हा त्याचे जग त्या कोठीत साठते. ते कोणत्याही कंपनीच्या घरी जात नाही. त्यामुळे पुढील प्रसंगी ते नाहीसे होते :

(अ) यंत्र बदलले, परत केले वा पुसले.

(आ) कोणी ‘ब्राउझिंग डेटा पुसा’ हे बटण दाबून पानांचा साठाही पुसला. घरातील मोठी माणसे यंत्र हळू चालते म्हणून हे सर्रास करतात.

(इ) खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये खेळ खेळला. ती खिडकी मिटली की कोठी रिकामी.

(ई) पानाचा पत्ता बदलला. कोठी पत्त्यागणिक वेगळी असते. कालचे पान बंद होऊन आज दुसऱ्या पत्त्यावर तीच नक्कल उघडली, तरी जुने जग तेथे दिसत नाही. नकलांची पाने वरचेवर पत्ते बदलतात, म्हणून हा धोका त्यांना अधिक.

(उ) आयपॅड व आयफोनवरील सफारी ब्राउझर २०२० पासून असे करतो की एखाद्या पानाला सात दिवस ब्राउझर वापरूनही भेट दिली नाही, तर त्या पानाने साठविलेले पुसून टाकतो. हेरगिरी करणाऱ्या जाहिरातदारांना आळा बसावा म्हणून हा नियम आला, पण मुलाचे घरही त्यात सापडू शकते.

उपाय सोपा आहे. ईगलरक्राफ्टच्या नव्या आवृत्तीत जगाची फाईल करून बाहेर काढण्याची सोय आहे. मूळ खेळाला वाचता येईल अशा रूपातही ती काढता येते. मुलाकडून ही फाईल दर आठवड्याला काढून घ्यावी आणि शाळेच्या यंत्रावर न ठेवता घरच्या यंत्रावर वा पेन ड्राइव्हवर ठेवावी. म्हणजे पुढे मूळ खेळ विकत घेतला तरी जुने काम वाया जात नाही. इजाऱ्याचे घर सोडताना आपण भांडीकुंडी घेऊन निघतो, तसेच हे.

आणि मूळ खेळ विकत घेतला म्हणजे निश्चिंती झाली असेही समजू नये. तेथेही जग बहुधा आपल्याच यंत्रावर असते. यंत्र बिघडले तर तेही जाते. प्रत हवीच.

७. सावधगिरीचे चार शब्द

नकलांची पाने कोणीही काढू शकतो, म्हणून पुढील गोष्टी मुलांना समजावून सांगाव्यात.

एक. ईगलरक्राफ्टमध्ये खेळण्यास ईमेल लागत नाही, मायक्रोसॉफ्टचे खातेही लागत नाही. टोपणनाव लिहिले की पुरे. तेव्हा एखादे पान ईमेल आणि पासवर्ड मागू लागले तर ते पान फसवे आहे असे समजून मिटावे.

दोन. टोपणनावाची कोणी तपासणी करीत नाही. मित्राचे नाव लावून भलताच माणूस बोलू शकतो. खेळात आलेला "मी अमुक" हा मजकूर पुरावा धरू नये. घराचा पत्ता, शाळेचे नाव, इमारतीचे नाव कोणालाही सांगू नये.

तीन. पानाभोवती जाहिराती असतात. ‘डाउनलोड’ असे लिहिलेली मोठी रंगीत बटणे पुष्कळदा जाहिरातच असतात. ब्राउझरमधील खेळाला काही बसवावे लागत नाही. बसवा म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

चार. अनोळखी मंडळींच्या सामायिक जगात जाण्याऐवजी ओळखीच्या चार मुलांनी एकत्र खेळावे. एका इमारतीतील मुले एका खोलीत बसून खेळली तर उत्तमच. भांडण झाले तर निदान तेथल्या तेथे मिटते.

८. हा खेळ वाईट आहे काय?

मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने, म्हणजे यूएन-हॅबिटॅटने, मोयांग कंपनीबरोबर २०१२ पासून ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम चालविला. गरीब वस्त्यांतील रहिवाशांनी आपले मैदान, आपला रस्ता कसा असावा हे या खेळात चिरे रचून दाखवावे, आणि मग प्रत्यक्ष आराखडा व्हावा, असा तो उपक्रम. केनियातील नैरोबीत त्याची सुरुवात झाली. नकाशा वाचता येत नाही अशा माणसालाही चिऱ्यांतून आपले म्हणणे मांडता येते, हा त्यातला धडा. १२ मार्च २०२० रोजी पत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने याच खेळात एक ग्रंथालय उभारले आणि आपापल्या देशांत दडपलेले लेख तेथे वाचण्यास ठेवले.

आपल्यासारख्यांना, ज्यांची जुनी घरे दुसऱ्या देशात राहिली, हा खेळ आणखी एका दृष्टीने उपयोगी आहे. मुलाला नुसते "आमच्या वेळी असे होते" म्हटले तर ते ऐकून सोडून देते. पण चिरा बसवायचा तर माप लागते, आणि मापासाठी त्याला आपणांस विचारावेच लागते. तो विचारतो आहे तोवर सांगावे. आपली स्मृतीही एका परीने इजाऱ्याचीच जागा आहे, तिची मुदत आपल्या हाती नाही.

घरी करून पाहण्यासाठी

१. नातवंडाला त्याचा खेळ उघडून दाखविण्यास सांगा. वरील तीन जागांपैकी ती कोणती, हे दोघांनी मिळून ठरवा.

२. त्याने बांधलेले जग कोठे साठते ते त्यालाच शोधून सांगू द्या. त्याच दिवशी त्याची एक प्रत काढा आणि फाईलला नाव व तारीख द्या.

३. आपल्या जुन्या घराचा आराखडा कागदावर काढा. दरवाजे कोणत्या दिशेस, ओटी किती हात, विहीर कोठे, चूल कोठे, सारे लिहा. न आठवणारी जागा मोकळी सोडा आणि ज्यांना आठवत असेल त्यांना या आठवड्यातच फोन करा.

४. तो कागद मुलाच्या हाती द्या. घर तो बांधील. कागदाची दुसरी प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा.